गांजा, महाविद्यालयीन तरुण आणि उपचाराचे दार



तमिळनाडूच्या तंजावर जिल्ह्यातील चोळपुरम् हे कुंभकोणमजवळचे एक छोटे नगर. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील हा भाग महाराष्ट्राला परका नाही. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी तंजावर येथे मराठी राज्य स्थापन केले आणि पुढे सुमारे पावणेदोनशे वर्षे भोसल्यांचा वंश तेथे नांदला. कुंभकोणम हे जुने विद्याकेंद्र आहे. तेथील शासकीय महाविद्यालयाची स्थापना १८५४ सालची. थोर गणितज्ञ श्रीनिवास रामानुजन याच गावात वाढले आणि याच महाविद्यालयात शिकले. चोळपुरम्‌सारख्या नगरातील शेतमजुराच्या, रेशीम विणकराच्या किंवा पितळी भांडी घडविणाऱ्या कारागिराच्या घरातून जेव्हा पहिला मुलगा अथवा मुलगी महाविद्यालयात पाऊल टाकते, तेव्हा पदवीची ती तीन वर्षे एका व्यक्तीची नसतात. त्या वर्षांवर संपूर्ण कुटुंबाची भिस्त असते.

गांजाच्या सेवनाने होणारे नुकसान याच तीन वर्षांच्या मापाने मोजले पाहिजे. गांजाच्या अतिसेवनाने तत्काळ मृत्यू ओढवल्याची उदाहरणे फारशी आढळत नाहीत, हे खरे आहे. आणि नेमक्या याच कारणामुळे तो निरुपद्रवी असल्याचा समज तरुणांत पसरतो. प्रत्यक्षात होणारी हानी आवाज न करता होते. शिकण्याचे वय सरून जाते आणि शिक्षण मात्र होत नाही.

प्रश्नाची व्याप्ती

देशातील व्यसनांच्या व्याप्तीविषयी दीर्घकाळ पुरेशी माहिती उपलब्ध नव्हती. 'बचपन बचाओ आंदोलन विरुद्ध भारत सरकार' या खटल्यात १४ डिसेंबर २०१६ रोजी दिलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारला राष्ट्रीय सर्वेक्षण करण्याचा व राष्ट्रीय कृती आराखडा आखण्याचा आदेश दिला. सामाजिक न्याय व अधिकारिता मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने (एम्सने) केलेल्या सर्वेक्षणाचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार १० ते ७५ वर्षे वयोगटातील सुमारे २.८ टक्के, म्हणजे ३ कोटी १० लाख भारतीयांनी मागील वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस यांपैकी काहीतरी सेवन केले होते. त्यांपैकी गांजा व चरस घेणारे सुमारे १ कोटी ३० लाख होते. या पदार्थांमुळे निर्माण झालेल्या समस्यांसाठी मदतीची गरज असलेल्यांची संख्या सुमारे ७२ लाख होती. हे आकडे केवळ विद्यार्थ्यांचे नाहीत. परंतु बहुतेक सेवनाचा आरंभ किशोरवयात किंवा ऐन तारुण्यात होत असल्याने महाविद्यालये या प्रश्नाच्या केंद्रस्थानी येतात.

तमिळनाडूने हा प्रश्न उघडपणे मान्य केला आहे. डिसेंबर २०२१ मध्ये राज्याच्या पोलिसांनी 'गांजा वेट्टै', म्हणजे गांजाची शिकार, या नावाने मोहीम सुरू केली. ऑगस्ट २०२२ मध्ये 'नशामुक्त तमिळनाडू' अभियानांतर्गत शाळा-महाविद्यालयांतून सामूहिक शपथ देण्यात आली आणि विद्यार्थ्यांची अमली पदार्थविरोधी मंडळे स्थापण्यावर भर देण्यात आला. दक्षिणेकडील राज्यांत येणाऱ्या गांजाचा मोठा स्रोत आंध्र प्रदेश व ओडिशा यांच्या सीमेवरील डोंगराळ भागात आहे. आंध्र प्रदेश पोलिसांनी फेब्रुवारी २०२२ मध्ये अनकापल्लीजवळ सुमारे २ लाख किलो जप्त गांजा जाळून नष्ट केला. एवढा साठा एका वेळी नष्ट करावा लागतो, यावरून पुरवठ्याच्या बळाची कल्पना यावी. पोलिसी कारवाई आवश्यक आहेच. तथापि पुरवठा रोखल्याने मागणी आपोआप आटत नाही.

मेंदूमध्ये काय घडते?

गांजातील मुख्य नशाकारक घटक म्हणजे टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल अर्थात टीएचसी. १९६४ मध्ये इस्रायलमधील राफाएल मेशुलम व येहिएल गाओनी यांनी तो शुद्ध स्वरूपात वेगळा करून त्याची रचना निश्चित केली. हा घटक मेंदूवर परिणाम का करतो, याचे उत्तर पुढे मिळाले. मेंदूतील पेशींवर त्याला ग्रहण करणारी विशिष्ट स्थाने असतात आणि शरीर स्वतःदेखील त्या स्थानांवर कार्य करणारे रसायन तयार करते. १९९२ मध्ये सापडलेल्या अशा रसायनाला 'आनंद' या संस्कृत शब्दावरून 'आनंदमाइड' असे नाव देण्यात आले. भूक, वेदना, मनःस्थिती आणि स्मृती यांचे नियमन करण्यात या व्यवस्थेचा वाटा आहे.

बाहेरून आलेला टीएचसी या सूक्ष्म व्यवस्थेवर मात करतो. नव्या आठवणी साठविण्याचे काम करणाऱ्या हिप्पोकॅम्पस या भागात ही ग्रहणस्थाने विपुल आहेत. त्यामुळे नशेच्या अमलात वाचलेले ध्यानात राहत नाही, लक्ष विचलित होते, वेळेचे भान सुटते. नियमित सेवन करणाऱ्यात हे परिणाम नशा उतरल्यानंतरही काही दिवस रेंगाळू शकतात. नियोजन, संयम व निर्णय यांच्याशी संबंधित असलेला मेंदूचा पुढचा भाग वयाच्या पंचविशीपर्यंत परिपक्व होत असतो. म्हणजेच महाविद्यालयीन वय हे मेंदूच्या घडणीचे अखेरचे पर्व होय. चाळिशीतील माणसाचे सेवन आणि अठराव्या वर्षीचे सेवन यांना एकच माप लावता येत नाही ते यामुळे.

धोके किती आणि कोणते?

धोक्यांविषयी बोलताना अतिशयोक्ती टाळणे आवश्यक आहे. ऐकलेली एक भीती खोटी ठरली की तरुण उरलेल्या खऱ्या इशाऱ्यांवरही विश्वास ठेवत नाहीत.

पहिला धोका अवलंबित्वाचा. अमेरिकेतील अभ्यासांच्या आधारे असे मानले जाते की, सेवन करणाऱ्या दहांपैकी साधारण एकाला अवलंबित्व जडते. किशोरवयात सुरुवात करणाऱ्यांत हे प्रमाण सहांपैकी एक इतके वाढते. गांजा सोडल्यावर झोप न लागणे, चिडचिड, अस्वस्थता व भूक मंदावणे ही लक्षणे दिसतात. 'गांजाची सवय लागत नाही' हा समज त्यामुळे टिकत नाही.

दुसरा धोका मानसिक आजाराचा. स्वीडनमध्ये लष्करी भरतीच्या वेळी तपासलेल्या ४५ हजारांहून अधिक तरुणांचा पंधरा वर्षे मागोवा घेणारा अभ्यास १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. पन्नासहून अधिक वेळा गांजा सेवन केलेल्यांत स्किझोफ्रेनियाचे प्रमाण सेवन न करणाऱ्यांच्या सहापट आढळले. इतर कारणांचा प्रभाव वजा केल्यावर हे गुणोत्तर बरेच खाली आले. परंतु संबंध नाहीसा झाला नाही. बहुसंख्य सेवनकर्त्यांना हा आजार होत नाही. मात्र ज्यांच्या कुटुंबात मानसिक आजाराचा इतिहास आहे, जे लहान वयात आरंभ करतात आणि जे रोज व तीव्र स्वरूपाचा गांजा घेतात, त्यांच्यासाठी धोका वाढतो.

तिसरा प्रश्न बुद्धीचा. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या सुमारे १,००० व्यक्तींच्या अभ्यासात, किशोरवयापासून दीर्घकाळ सेवन करणाऱ्यांचा बुद्ध्यंक घटल्याचे २०१२ मध्ये मांडण्यात आले. जुळ्या भावंडांवरील नंतरच्या संशोधनाने ही घट कौटुंबिक परिस्थितीमुळेही असू शकते, असे दाखविले. हा वाद शास्त्रात अद्याप मिटलेला नाही. परंतु विद्यार्थ्याला त्याच्या निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही. चुकलेले तास, अपुरी राहिलेली प्रयोगवही आणि न दिलेली परीक्षा यांच्याविषयी कोणताही वाद नाही.

याखेरीज भारतात गांजा बहुधा तंबाखूत मिसळून ओढला जातो. त्यामुळे त्यासोबत निकोटीनचे व्यसन व धुराचे अपाय येतात. नशेत वाहन चालविल्याने अपघाताचा संभव वाढतो, तो वेगळाच.

परंपरेचा युक्तिवाद

गांजा व भांग या देशात शतकानुशतके आहेत, असे समर्थन केले जाते. १८९३-९४ च्या भारतीय हेम्प ड्रग्ज आयोगाचाही दाखला दिला जातो. सुमारे बाराशे साक्षी नोंदवून या आयोगाने मर्यादित सेवनाचे दुष्परिणाम फारसे नाहीत, असा निष्कर्ष काढला आणि संपूर्ण बंदीऐवजी नियंत्रणाची शिफारस केली. हे सत्य आहे. तथापि त्याच आयोगाने अतिसेवन अपायकारक असल्याचेही नमूद केले होते, आणि मेंदूच्या वाढीचे आजचे ज्ञान त्या काळी अस्तित्वात नव्हते. कॅनडाने २०१८ मध्ये प्रौढांसाठी गांजा वैध केला. पण तेथेही अल्पवयीनांना तो विकणे गुन्हाच आहे. वैधता आणि निर्धोकता या दोन भिन्न बाबी होत.

कायद्याची चौकट

संविधानाच्या अनुच्छेद ४७ मध्ये आरोग्यास घातक मादक पेये व द्रव्ये यांच्या सेवनावर, औषधी प्रयोजन वगळता, बंदी आणण्याचा प्रयत्न करणे हे राज्याचे कर्तव्य सांगितले आहे. १९८५ चा गुंगीकारक औषधिद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, म्हणजेच एनडीपीएस कायदा, हा या विषयातील प्रमुख केंद्रीय कायदा आहे. त्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोरा वा फळे धरलेले शेंडे. केवळ पाने या व्याख्येत येत नाहीत. त्यामुळे पानांपासून केलेल्या भांगेचे नियमन राज्ये करतात.

कलम २० नुसार गांजा बाळगण्याची शिक्षा प्रमाणावर अवलंबून असते. १ किलोपर्यंतच्या अल्प प्रमाणासाठी १ वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही; २० किलोपेक्षा अधिक अशा व्यापारी प्रमाणासाठी किमान १० व कमाल २० वर्षे सक्तमजुरी आणि दंड; दरम्यानच्या प्रमाणासाठी १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी व दंड. कलम २७ अन्वये गांजाचे सेवन हादेखील गुन्हा असून त्यास ६ महिन्यांपर्यंत कारावास वा १० हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही होऊ शकतात. मित्रासाठी पुडी पोहोचविणारा विद्यार्थी स्वतःला विक्रेता समजत नाही. कायद्याच्या दृष्टीने मात्र वाहतूक व पुरवठा हे स्वतंत्र अपराध आहेत.

या कायद्याची दुसरी बाजू फार थोड्यांना ठाऊक असते. कलम ६४-अ नुसार, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाशी संबंधित गुन्ह्याचा आरोप असलेली व्यसनाधीन व्यक्ती स्वेच्छेने शासकीय अथवा शासनमान्य संस्थेत उपचार घेत असेल, तर तिच्यावर खटला चालविला जात नाही. उपचार अर्धवट सोडल्यास हे संरक्षण काढून घेता येते. कलम ३९ अन्वये दोषी ठरलेल्या व्यसनाधीन व्यक्तीलाही न्यायालय उपचारासाठी मुक्त करू शकते. म्हणजेच कायद्याने शिक्षेबरोबर उपचाराचे दारही उघडे ठेवले आहे.

दारापर्यंत पोहोचायचे कसे?

कुंभकोणमच्या परिसरालाच या बाबतीत एक मौलिक अनुभव आहे. शांती रंगनाथन यांनी १९८० मध्ये चेन्नईत स्थापन केलेल्या टी. टी. रंगनाथन प्रतिष्ठानाने पुढे याच टापूतील मंजक्कुडी या खेड्यात व्यसनमुक्तीची शिबिरे भरविली. ती प्रामुख्याने मद्यपींसाठी होती. परंतु त्यांतून मिळालेला धडा गांजालाही लागू पडतो. उपचार घराजवळ आला, गावकरी व कुटुंबीय त्यात सहभागी झाले, की लाज आणि खर्च हे दोन मोठे अडथळे कमी होतात. महाराष्ट्रात १९८६ मध्ये डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी पुण्यात सुरू केलेल्या 'मुक्तांगण'नेही व्यसनी माणसाला गुन्हेगार न मानता रुग्ण व माणूस म्हणून वागविण्याची वाट रुजविली.

केंद्र सरकारने १५ ऑगस्ट २०२० रोजी २७२ जिल्ह्यांत 'नशामुक्त भारत अभियान' सुरू केले. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी सेवा आहे. मानसिक आरोग्यासाठी 'टेलिमानस'चा १४४१६ हा क्रमांक आहे. गांजाच्या अवलंबित्वावर हमखास असे औषध नाही. समुपदेशन, वर्तनोपचार आणि कुटुंबाचा आधार हाच उपचाराचा कणा आहे. म्हणूनच तो जितक्या लवकर सुरू होईल तितका परिणामकारक ठरतो.

येथे महाविद्यालयाची कसोटी लागते. वसतिगृहात गांजा सापडलेल्या विद्यार्थ्याला तडकाफडकी काढून टाकल्याने संस्थेचे नाव राखले जाते. प्रश्न मात्र बसथांब्यावरून त्याच्याबरोबर घरी जातो. शिवाय तो प्रसंग पाहणारे इतर विद्यार्थी मदत मागण्याचे धाडस कायमचे गमावतात. विक्री करणाऱ्याबाबत कठोरता आणि सेवन करणाऱ्याबाबत उपचार, हा भेद संस्थेच्या धोरणात स्पष्ट असला पाहिजे. वर्गातील उपस्थिती अचानक घटणे, जुने मित्र तुटणे, पैशांची चणचण ही चिन्हे शिक्षकाच्या वेळीच लक्षात आली, तर एक शांत संभाषण पुष्कळ काही वाचवू शकते. सहाध्यायांची जबाबदारीही तेवढीच आहे. मित्राचे सेवन लपविणे ही मैत्री नव्हे. त्याच्यासोबत समुपदेशकाकडे जाणे ही मैत्री होय.

चोळपुरम्‌हून किंवा महाराष्ट्रातील एखाद्या तालुक्याच्या गावाहून महाविद्यालयाची बस धरणाऱ्या तरुणाला मिळालेली तीन वर्षे पुन्हा मिळत नाहीत. ती धुरात जाऊ नयेत, ही त्याची स्वतःची जबाबदारी आहे. आणि गेलीच, तर परतीची वाट त्याला सापडावी, ही समाजाची.