ओवी, बियाणे आणि संगणक

(माण तालुक्यातील प्रौढ साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



तुम्ही आता वाचू-लिहू लागला आहात. लिहायला येऊ लागले की माणसाला वाटते, एकदा लिहिले म्हणजे झाले, ते कायमचे राहिले. त्यात आता घरोघर मोबाइल आला. मग काय विचारता! "मोबाइलमधी हाय की," असे म्हणून आपण बिनघोर होतो.

पण मोबाइलमध्ये आहे म्हणजे ते टिकले, असे नव्हे. ते टिकवावे लागते. टिकवणे हे एक काम आहे आणि ते रोज करणारी माणसे आहेत. त्या कामाविषयी आम्ही आज चार शब्द सांगणार आहोत. आम्ही काही संगणकाचे पंडित नव्हे. आमचा जन्म खडू-फळ्यात गेला. पण जे वाचून समजून घेतले, ते सांगतो.

आधी जात्याची गोष्ट ऐका. आपल्या माणदेशात बाया पहाटे उठत, जात्यावर बसत. बाजरी दळता दळता ओव्या म्हणत. माहेर, सासर, भाऊ, विठ्ठल, दुष्काळ, सारे ओवीत येई. ही ओवी वहीत नव्हती. आईने म्हटली, लेकीने ऐकली, एवढीच तिची वही. पुढे गावोगाव पिठाची गिरणी आली. जाते थांबले. जाते थांबले तशी ओवीही थांबू लागली.

पुण्यात हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइतवाँ यांनी हे वेळीच ओळखले. 1980 च्या दशकापासून त्यांनी व त्यांच्या सोबत्यांनी एक हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. म्हणणाऱ्या बाईचे नाव काय, गाव कोणते, हेही लिहून घेतले.

आता एक लाख ओव्यांतून भावाची ओवी हवी असेल, तर ती शोधायची कशी? त्यासाठी बर्नार्ड बेल नावाचे अभ्यासक पुढे आले. संगीत आणि संगणक दोन्ही त्यांना येत होते. त्यांनी ओव्यांचे संगणकातले दप्तर बांधले. 1993 ते 1998 या वर्षांत 120 तासांहून अधिक आवाज टेपवर घेतला. हा ठेवा आधी दिल्लीजवळ गुडगाव येथे एका संग्रहात राहिला. नंतर तो फ्रान्समधल्या एक्स-मार्सेय विद्यापीठात गेला. दप्तर दीर्घ काळ कसे जपावे, याचा एक नमुनाच तिथे या ओव्यांवर बसवला गेला. पाहा बरे! आपल्या मायबहिणींच्या दळणावर विद्यापीठाची माणसे शिकली.

2017 सालापासून 'पारी' या संकेतस्थळावर या ओव्या कुणालाही ऐकता येतात. हेमाताई आज नाहीत. गी पॉइतवाँ नाहीत. म्हणणाऱ्या कितीतरी बायाही गेल्या. ओवी मात्र आहे.

आता कुणी विचारील, "गुरुजी, एकदा संगणकात घातली, संपलं की! पुढं कसलं काम राहिलं?"

खरी गोम तिथेच आहे. ताम्रपट जमिनीत पाचशे वर्षे पुरून ठेवला, तरी काढून धुतला की वाचता येतो. त्याला राखणदार लागत नाही. संगणकातले लिखाण ताम्रपटासारखे नाही. ते बियाण्यासारखे आहे. बाजरीचे बियाणे कणगीत वीस वर्षे तसेच ठेवले तर काय होईल? दाणा दिसेल, पण उगवणार नाही. म्हणून शेतकरी ते पेरतो, नवे करतो, निवडतो आणि पुन्हा ठेवतो. संगणकातल्या दप्तराचेही असेच करावे लागते. हे काम प्रोग्रामर करतो. प्रोग्रामर म्हणजे संगणकाने काय काय करावे, ते क्रमाने लिहून देणारा माणूस.

त्याचे पहिले काम म्हणजे दप्तर नव्या जागी हलवणे. संगणकातली साठवणीची चकती काही वर्षांनी झिजते, बंद पडते. ती बंद पडण्याआधी सगळे लिखाण नव्या चकतीवर उतरवायचे. लाखो पाने हाताने कोण उतरवणार? त्यासाठी प्रोग्राम लिहावा लागतो.

दुसरे काम म्हणजे कीड पाहणे. वरून चांगल्या दिसणाऱ्या पोत्यात आतून कीड लागते. तसे संगणकातले एखादे अक्षर न कळत बिघडते. ते कळावे कसे? तुम्ही गणितात ताळा पाहायला शिकलात ना? तसाच हा ताळा. संगणकाच्या लेखी अक्षर म्हणजे आकडाच. सगळ्या अक्षरांवरून प्रोग्राम एक लांबलचक आकडा काढतो आणि नोंदवून ठेवतो. समजा, एखाद्या विधवा बाईच्या उताऱ्यावरचे 46 गुंठे बिघडून 40 झाले. एवढ्या एका अक्षराने ताळा चुकतो. प्रोग्राम लगेच खूण करतो, "इथे बिघडले आहे." 1 मे 2018 पासून महाराष्ट्रात डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. त्या सहीमागेही हीच युक्ती आहे.

बिघडले हे कळले, पण नीट कशावरून करायचे? त्यासाठी दुसरी प्रत हवी, आणि ती दुसऱ्या गावी हवी. एकाच घरात दोन प्रती ठेवल्या आणि घरालाच आग लागली, तर दोन्ही जातात. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने 1999 साली यासाठी एक व्यवस्था सुरू केली. पुष्कळ ग्रंथालये एकाच लेखाची प्रत आपापल्या संगणकात ठेवतात. ते संगणक एकमेकांना विचारतात, "तुझा ताळा काय?" ज्याचा ताळा इतरांशी जुळत नाही, तो दुसऱ्याकडून चांगली प्रत घेतो. आपल्या पंचांसारखेच आहे हे.

तिसरे काम सर्वांत अवघड. कागद शाबूत आहे, पण वाचणारा नाही, मग काय करायचे? आपल्याकडे कितीतरी घरांत आजोबा-पणजोबांचे मोडीतले कागद आहेत. अक्षर ठळक आहे, पण घरात कुणाला वाचता येत नाही. संगणकाच्या बाबतीत हे फार लवकर घडते.

इंग्लंडच्या राजाने 1086 साली मोठे दप्तर करवले. कुणाकडे किती जमीन, किती नांगर, हे त्यात आहे. म्हणजे आपल्या सातबाऱ्याचाच थोरला भाऊ! त्याला 900 वर्षे झाली म्हणून 1986 साली बीबीसीने देशाचे नवे दप्तर संगणकासाठी केले. दहा लाखांवर लोकांनी त्याला हातभार लावला. ते खास चकत्यांवर ठेवले. पंधरा-सोळा वर्षांत त्या चकत्या वाचणारी यंत्रे मिळेनाशी झाली. 900 वर्षांचे पुस्तक वाचता येत होते आणि कालचे दप्तर मुके होऊ लागले! तेव्हा लीड्स आणि मिशिगन या दोन विद्यापीठांतल्या मंडळींनी युक्ती काढली. नव्या संगणकाने जुन्या यंत्राचे हुबेहूब सोंग घ्यावे, असा प्रोग्राम त्यांनी 2002 च्या सुमारास तयार केला. दप्तर पुन्हा बोलू लागले.

हे काम फक्त परदेशातच होते, असे समजू नका. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संस्थेने 'डिजिटालय' नावाची व्यवस्था तयार केली. दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रातील आवाजांचा व चित्रफितींचा संग्रह तिच्यावर जपला जातो. 2017 साली हा संग्रह भरवशाचा दप्तरखाना म्हणून आंतरराष्ट्रीय कसोटीस उतरला. त्या कसोटीला उतरलेला तो जगातला पहिला.

या कामात गाजावाजा नाही. गावचा जागल्या रात्रभर फिरत असे. चोरी झाली नाही, तर सकाळी त्याची आठवण कोण काढी? तसेच हे. काम नीट झाले तर कुणाला दिसत नाही. बिघडले तरच दिसते. आपली मुले-मुली संगणक शिकायला पुण्यास जातात. त्यांना हेही सांगा, की संगणक शिकून बँकेतच बसावे असे नाही. आपल्या आजीची ओवी राखणे, हीही नोकरी आहे, आणि तिला अक्कल लागते.

आता आपल्या घरचे. तीन गोष्टी ध्यानात ठेवा.

एक. महत्त्वाच्या कागदाच्या दोन प्रती करा आणि दोन ठिकाणी ठेवा. एक घरी, एक मुंबईच्या भावाकडे. मोबाइलमध्ये असला तरी कागदावरही असू द्या.

दोन. म्हसवडच्या रथाला फोटो काढलात, तर कोण, कुठे, कोणते साल, हे लिहून ठेवा. नावाशिवायचा फोटो नातवाला परकाच.

तीन. दसऱ्याला आपण पाटीपूजन करतो. त्याच दिवशी सगळे कागद आणि मोबाइलमधले जपलेले उघडून पाहा. उघडते का? आवाज येतो का? मोबाइल जुना झाला असेल, तर नव्यात उतरवून घ्या. मोडीतले कागद मात्र चुलीत घालू नका. वाचणारा आज ना उद्या भेटेल.

आणि घरात ओवी येणारी म्हातारी असेल, तर दसऱ्याची वाट पाहू नका. आज संध्याकाळीच तिच्याजवळ बसा. एकाने आवाज भरून घ्यावा, एकाने वहीत लिहावे. तुम्हाला आता लिहिता येते.