पगारी वेळेतला खेळाचा वाटा



वसई-विरारच्या कामकऱ्यांच्या या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद तुम्ही मला दिलंत. तुमच्यापैकी काही जणांना इथून थेट दुसऱ्या पाळीला जायचं आहे, याची मला जाणीव आहे. म्हणून लगेच मुद्द्यावर येतो.

अशा व्यासपीठावरून मराठीचं भवितव्य आणि वाचनाची ओहोटी यांवर बोलण्याचा प्रघात आहे. मी आज काम करणाऱ्या माणसाच्या शरीराबद्दल बोलणार आहे. त्याचं चालणं-हलणं आणि त्याचा खेळ हा माझा विषय. साहित्य संमेलनात हे कशाला, असं कुणाला वाटेल. पण कवितेची ओळ सुचणं आणि बिघडलेल्या साच्यावर तोड सुचणं, ही दोन्ही कामं एकच डोकं करतं, आणि ते डोकं एका शरीराला जोडलेलं असतं. ते शरीर दहा-बारा तास एकाच जागी, एकाच हालचालीला जुंपलं, तर सुचणं आटतं. खेळाला कामाच्या वेळेत, म्हणजे पगारी वेळेत जागा मिळायला हवी, एवढंच मला आज सांगायचं आहे.

सुरुवात आपल्या गावापासून करू. १८६७ च्या एप्रिलमध्ये विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली उपनगरी गाडी धावली. तेव्हा दिवसाला जाणारी एक आणि येणारी एक अशी व्यवस्था होती. आज विरार ते चर्चगेट हे ६० किलोमीटरचं अंतर आपली लाखो माणसं रोज कापतात, आणि तेवढ्या प्रवासात कित्येकांना पाय बदलायलाही जागा नसते. प्रवास मैलोगणती, हालचाल शून्य! पुढे कचेरीत खुर्ची, नाहीतर मशीनसमोर उभं राहणं, आणि परतताना पुन्हा तोच डबा.

पण त्याच डब्यात आपल्या माणसांनी काय केलं, ते पाहा. भजनी मंडळं उभी केली. पिशवीतून टाळ निघतात, कुणी डब्याच्या पत्र्यावर ठेका धरतो, एक जण ओळ टाकतो आणि बाकीचे ती उचलतात. सिनेमातल्या गाण्याच्या चालीवर गजर बसवला जातो, तो जमला की दुसऱ्या दिवशी त्यात आणखी एक वळण येतं. बँकेतला अधिकारी आणि गोदामातला हमाल तिथे एकाच टाळाला बांधलेले असतात. शेजारी झोपेला आलेल्या प्रवाशाला याचा त्रास होतो, हेही खरं. त्याचीही बाजू आहे. पण मला त्यात दिसते ती निकड. कामाच्या दिवसात खेळाला कुठेच जागा उरली नाही, तेव्हा माणसांनी ती गर्दीच्या डब्यात काढली.

ही रीत कुठून आली? १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि परळ-लालबागची कितीतरी कुटुंबं नालासोपारा-विरारला आली. येताना त्यांनी भांडीकुंडी आणली, तशी गिरणगावाची सवयही आणली. त्या गिरणगावात कामगार पुढारी ना. म. जोशी यांनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग काढली आणि तिच्याच पुढाकारानं १९२२ मध्ये परळचं दामोदर नाट्यगृह उभं राहिलं. दिवसभर साच्यावर उभा राहणारा माणूस रात्री तिथे राजा व्हायचा, खलनायक व्हायचा. चाळीच्या पटांगणात कबड्डीचे सामने रंगायचे. नारायण सुर्वे यांची कविता याच वस्तीत वाढली. १९५३ च्या कायद्यानं कामगार कल्याणाचं मंडळ आलं, आणि त्याच्या केंद्रांतून नाटक, भजन, कबड्डीच्या स्पर्धा राज्यभर पोहोचल्या. आपल्यातले काही जण त्याच रंगमंचावर पहिल्यांदा उभे राहिले.

हे सगळं मोलाचं होतं, पण भोंगा झाल्यानंतरचं होतं. खेळायचं ते झोपेतून वेळ कापून. आणि असा वेळ कुणाला मिळायचा? घर कामाच्या जागेपासून चार पावलांवर होतं त्याला, आणि घरी गेल्यावर ताट वाढून मिळायचं त्याला. म्हणजे पुरुषांना. मंगळागौरीच्या रात्री झिम्मा-फुगडीनं घर दणाणून सोडणारी बाई आज पॅकिंगच्या टेबलावर आठ तास उभी राहते आणि घरी जाऊन चुलीपुढे पुन्हा उभी राहते. तिला ‘कामानंतर खेळ’ असं सांगणं ही थट्टा आहे. वसईहून अंधेरीला जाणाऱ्यालाही तेच लागू. म्हणून मी पगारी वेळेचा आग्रह धरतो. कामाबाहेरच्या वेळेतला खेळ मोजक्यांच्याच वाट्याला येतो.

कारखान्याच्या आत खेळकरपणाला जागा दिली तर काय घडतं, याचं उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुळात मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेलेले. रंगांधळेपणामुळे रंग सोडावे लागले, तेव्हा ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले. पुढे बेळगावात त्यांनी सायकलींचं दुकान काढलं. सायकली विकायच्या आणि लोकांना त्या चालवायलाही शिकवायच्या. तेव्हाच्या बेळगावात सायकल ही हौसेची वस्तू होती. त्या हौसेच्या यंत्रावर हात बसला, आणि १९०३ मध्ये त्याच हातांनी लोखंडी नांगर घडवला. १९१० साली त्यांना कारखान्यासाठी कुंडलच्या माळावर जागा दिली ती औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी. हे राजे स्वतः चित्रकार होते आणि सूर्यनमस्कारांचा त्यांनी आयुष्यभर प्रसार केला.

त्या माळावर वसलेल्या किर्लोस्करवाडीतून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ नावाचं कारखान्याचं पत्रक निघालं. ते शंकरराव किर्लोस्करांच्या हाती होतं, आणि शंकरराव चित्रकार, व्यंगचित्रकार. नांगराची माहिती देणाऱ्या पत्रकाचं ‘किर्लोस्कर’ मासिक झालं, १९३० मध्ये ‘स्त्री’ आलं, १९३४ मध्ये ‘मनोहर’ आलं. मराठी वाचकांच्या दोन-तीन पिढ्या घडवणारी मासिकं नांगर आणि पंप करणाऱ्या माळावर जन्मली. कारखाना आणि साहित्य यांच्यात आज जी भिंत दिसते, ती तिथे नव्हती.

त्याही मागे, कारखान्याआधीच्या कामाकडे जाऊ. वसईच्या वाड्यांत विहिरींवर आणि बावखलांवर, म्हणजे वाडीतल्या तळ्यांवर, रहाट फिरत. किनाऱ्यावर होडी ओढताना कोळी एका सुरात हाक देत. आणि घराघरात जातं होतं. संशोधक गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, तेव्हा त्या लाखाच्या वर भरल्या. बहिणाबाई चौधरींनी गाणी रचली ती घरकाम आणि शेतकाम करता करता. त्यांच्या मुलानं, सोपानदेवांनी, ती उतरवून घेतली आणि १९५२ मध्ये, बहिणाबाईंच्या पश्चात, ती छापून आली. हाताला लय सापडली की मन मोकळं सुटतं, याचा एवढा मोठा पुरावा दुसऱ्या कुठल्या भाषेत असेल असं मला वाटत नाही.

मात्र इथे सावध राहायला हवं. जात्याचं कौतुक करणाऱ्याला पहाटे चारला उठून पायलीभर दळावं लागत नाही. ओवी बाईची होती, दळण तिच्यावर लादलेलं होतं. नाक्यावर उभं राहून रोज सिमेंटची पोती वाहणाऱ्या मजुराला मी ‘हालचाल कर’ असं सांगणार नाही. त्याला आधी विसावा हवा. राबणं म्हणजे खेळणं नव्हे. हालचाल कधी सुरू करायची, कशी करायची आणि कधी थांबायचं हे ज्याच्या हाती आहे, तोच खेळत असतो. बसून अवघडलेल्याला चालणं हवं, उभं राहून थकलेल्याला बसून कॅरम हवा. दोघांनाही निवड हवी.

विज्ञान काय म्हणतं? २०१४ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात मॅरिली ओपेझो आणि डॅनियल श्वार्ट्झ यांनी काही साधे प्रयोग प्रसिद्ध केले. रोजच्या वस्तूचे नवनवे उपयोग सुचवा, असं त्यांनी काहींना बसून आणि काहींना चालताना विचारलं. चालताना सुचणाऱ्या कल्पना सरासरी सुमारे ६० टक्क्यांनी वाढल्या. कोऱ्या भिंतीसमोर यंत्रावर चालणाऱ्यांनाही फायदा झाला, आणि चालून येऊन बसल्यावरही तो काही काळ टिकला. पण ज्या प्रश्नाचं एकच बरोबर उत्तर असतं, तिथे चालण्यानं मदत झाली नाही. उलट थोडी घसरण दिसली. हा दुसरा निष्कर्ष मला पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. हिशेब बसून करा, बेत चालताना करा. नव्या मालाचा आराखडा, बिघडलेल्या साच्यावरची तोड, कथेचा शेवट, हे सगळं बेतातच मोडतं.

आता उद्योजक मित्रांची शंका. वालीव, सातिवली, गोखिवरे इथल्या गाळेवाल्यांचं गणित मला माहीत आहे. ऑर्डर तोंडावर, वीजबिल वाढलेलं, माणसं कमी. त्यात खेळाला वेळ द्यायचा? त्यांनी जर्मनीतल्या येना शहरातल्या झाइसच्या भिंगांच्या कारखान्याकडे पाहावं. १९०० साली कारखान्याचे प्रमुख एर्न्स्ट आबे यांनी तिथली पाळी नऊ तासांवरून आठ तासांवर आणली. उत्पादन घटलं नाही, किंचित वाढलंच. आपल्याकडेही १९४८ च्या कारखाने कायद्यानं सलग पाच तासांनंतर निदान अर्ध्या तासाची विश्रांती सक्तीची केली. तेव्हाही उद्योग बुडाले नाहीत. थकलेला हात माल बिघडवतो आणि बोटंही गमावतो, हे प्रेस चालवणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

दोन धोके मात्र सांगून ठेवतो. पहिला, सक्तीच्या खेळाचा. सकाळी सगळ्यांनी रांगेत उभं राहायचं, साहेबांनी फोटो काढायचा, तो व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर जायचा आणि जो आला नाही त्याची नोंद व्हायची, ही हजेरी झाली. दुसरा धोका खेळ थोड्यांच्या हाती सोपवण्याचा. मुंबईच्या कंपन्यांनी खेळाडूंना नोकऱ्या दिल्या, टाइम्स शील्डचं क्रिकेट गाजलं, गावसकर निरलॉनकडून आणि वाडेकर स्टेट बँकेकडून खेळले. ती परंपरा अभिमानाची आहे. पण त्यात बाकीचा कर्मचारी टाळ्या वाजवणाराच राहिला. आपल्या महापौर मॅरेथॉनबद्दलही मी हेच म्हणेन. २०११ पासून तिनं या शहराला पळायला लावलं, हे श्रेय तिचंच. पण वर्षातून एक दिवस रस्ता पायांसाठी मोकळा झाला, तर उरलेल्या दिवसांचं काय?

म्हणून जाता जाता काही मागण्या. उद्योजकांनी प्रत्येक अर्ध्या पाळीत पंधरा मिनिटं पगारी वेळ कामगारांच्या हवाली करावी. जेवणाची सुट्टी वेगळी. त्यात कॅरम खेळा, दोरीवरच्या उड्या मारा, गाणं म्हणा, नाहीतर नुसते पाय मोकळे करा. हजेरी नको, बक्षीस नको, फोटो नको. तीन महिने करून पाहा आणि बिघडलेला माल मोजा. आकडे तुमच्याच वहीत असतील. कामगार संघटनांनी पुढच्या मागणीपत्रकात पगारवाढीच्या खालोखाल हे कलम घालावं, आणि त्यात स्त्रियांसाठी वेगळी, सुरक्षित जागा नावानिशी मागावी. महापालिकेनं स्टेशनपासून औद्योगिक वसाहतींपर्यंत सलग, सावलीचे पदपथ द्यावेत आणि उरलेली मैदानं मैदानंच ठेवावीत.

शेवटची विनंती लेखकांना. गिरणीला सुर्वे मिळाले. वसईच्या गाळ्यातला मोल्डिंग मशीनवरचा मुलगा, इमिटेशनच्या दागिन्यांवर खडे चिकटवणारी मुलगी, शेवटच्या लोकलमधला टाळकरी यांना अजून लेखक मिळायचा आहे. त्यांच्याबद्दल लिहायचं तर टेबल सोडून त्यांच्यात जावं लागेल, त्यांच्याबरोबर चालावं लागेल, जमल्यास एक डाव खेळावाही लागेल. आणि गाळ्यात काम करणाऱ्यांनी आमची वाट पाहू नये. त्या पंधरा मिनिटांत काही सुचलं तर ते स्वतः लिहावं आणि पुढच्या संमेलनात इथे उभं राहून वाचावं.