चाकणचा वजनकाटा



चाकणचा माल कंटेनरमधून न्हावा-शेवा बंदरात जातो. १ जुलै २०१६ पासून भरलेल्या कंटेनरचं पडताळलेलं वजन कळवल्याशिवाय तो जहाजावर चढत नाही. नियम आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा, जबाबदारी माल पाठवणाऱ्याची. वजन कमी दाखवलं, तर कंटेनरची थप्पी कोसळून खलाशांचा जीव जाऊ शकतो.

भरलेला कंटेनर काट्यावर घ्या, किंवा माल, पॅकिंग आणि रिकामा कंटेनर यांची बेरीज करा. बेरीज सॉफ्टवेअर करतं. पण लाकडी पॅलेट धरायचं राहिलं, तर उत्तर चुकणारच. म्हणून छोट्या कारखान्यांना परिपत्रकाबरोबर शिकवणारा माणूसही हवा. पिंपरी-चिंचवड, चाकणला नोकरी करणाऱ्या आपल्या वर्गमित्रांनी त्यासाठी महिन्यातला एक शनिवार द्यावा, एवढीच विनंती.