पाहुणचार घेणे हीसुद्धा सेवा

(कार्यकर्ता मेळाव्यात केलेले भाषण)



फिलिपिन्समधल्या सागादा गावी एका आदिवासी कुटुंबात मी पाच रात्री राहून आले. त्याबद्दल चार शब्द बोलावेत, असे मला सांगितले आहे. सगळा प्रवास सांगत बसत नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांत जे मनावर ठसले आणि आपल्या पाड्यांवरच्या कामाला जे लागू पडते, तेवढेच सांगते.

सागादा हे लुझॉन बेटाच्या उत्तरेला, कॉर्डिलेरा डोंगरांत सुमारे १५०० मीटर उंचीवर आहे. मनिलाहून बागियो आणि तिथून पुन्हा बस, यात पूर्ण दिवस जातो. चहूकडे पाइनची झाडे आणि दगडी बांधांची भातखाचरे. इथले लोक कंकनाई. त्या डोंगरांतल्या सगळ्या जमातींना मिळून इगोरोत म्हणतात. १९०४ साली रेव्ह. जॉन स्टॉन्टन यांनी इथे एपिस्कोपल मिशन सुरू केले. मिशनच्या शाळेमुळे म्हाताऱ्या माणसांनाही इंग्रजी येते, म्हणून माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीवर निभावले.

माझी यजमानीण साठीची. तिकडे आईला 'इना' म्हणतात, मीही तिला इनाच म्हणू लागले. घरात मुलगा, सून आणि दोन नातवंडे. खोल्या दोनच. त्यातली एक त्यांनी मला दिली आणि सगळे चुलीच्या खोलीत झोपले. थंडी बरीच होती, घरातले जाड पांघरूण माझ्या वाट्याला आले. मी आढेवेढे घेऊ लागले, तेव्हा सून हसून म्हणाली, "तुम्ही घेतले नाहीत तर इना रात्रभर झोपणार नाही." मी मुकाट्याने घेतले.

जेवणात लाल तांदळाचा भात आणि 'एताग', म्हणजे मीठ लावून टिकवलेले डुकराचे मांस. वास उग्र असतो. इना माझ्याकडे बघत होती. मी दुसऱ्यांदा वाढून घेतले, तेव्हा तिचा चेहरा खुलला. लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात प्रभू शिष्यांना गावोगाव पाठवतो. ज्या घरी उतराल तिथेच राहा, पुढे येईल ते खा, असे त्यांना सांगतो. थिऑलॉजीच्या वर्गात हा अध्याय मी सुवार्तेच्या कामाचा म्हणून शिकले होते. इनाच्या चुलीपाशी कळले की तो पाहुण्याचाही धडा आहे. शिष्यांजवळ ना झोळी ना पैसा. घेतल्यावाचून त्यांचे चालणारच नव्हते.

दुसऱ्या दिवशी खाचराचा ढासळलेला बांध रचायला शेजारची आठ-दहा माणसे आली. मजुरी नाही, आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या. मला आंबेगावकडच्या महादेव कोळी बांधवांची पडकई आठवली. तीही अशीच, सगळ्यांनी मिळून डोंगरउतारावर भातखाचरे पाडायची. मी ते सांगितल्यावर इनाने विचारले, "मग तुमच्याकडे जमीन त्यांच्या नावावर आहे का?" तिचे खाचर तिला तिच्या आईकडून आलेले. त्यांच्या देशात १९९७ साली आदिवासींच्या वडिलोपार्जित भूमीचा कायदा झाला. मी आपल्या २००६ च्या वनहक्क कायद्याबद्दल आणि अडकून पडलेल्या दाव्यांबद्दल सांगितले. तिने एकच विचारले, "दावा कोण भरतो? ते, की तुम्ही?" याचे उत्तर आपण प्रत्येकाने आपापल्या पाड्यावर द्यायचे आहे.

बंधुभगिनींनो, आपण पाड्यावर जातो ते देणारे म्हणून. ब्लँकेट, औषधे, वह्या घेऊन जीप जाते आणि दिवस मावळायच्या आत परत येते. कातकरी किंवा ठाकर बाई कोरा चहा पुढे करते. 'यांच्या घरचे कशाला कमी करा' म्हणून आपल्यातले पुष्कळजण नको म्हणतात. भावना चांगलीच आहे. पण ज्याच्याकडून आपण कधीच काही घेत नाही, तो आपल्या बरोबरीचा कसा होणार? इनाने मला खोली दिली, पांघरूण दिले, आणि त्या हक्काने मला अवघड प्रश्नही विचारला. वाटपाच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईला तो विचारता आला असता का?

यावर कोणी म्हणेल, पावसाळ्यात कणगी रिकामी असते, तेव्हा पाहुणे होऊन जायचे का? प्रश्न रास्त आहे. सागादात आमच्या प्रशिक्षणाचे आयोजक प्रत्येक कुटुंबाला ठरलेली रक्कम देत आणि घरे पाळीपाळीने निवडत. आपल्यालाही हे जमेल. नव्या कार्यकर्त्याने कामाला लागण्याआधी पाड्यावर तीन रात्री राहावे. आधी घरच्या बाईला विचारावे, कारण जास्तीचे काम तिच्यावर पडते. तांदूळ, डाळ, तेल असा आपला शिधा तिच्या हाती द्यावा आणि मग ती जे रांधेल ते सगळ्यांबरोबर बसून खावे. आषाढ-श्रावण टाळून भातकापणीनंतर जावे. त्या तीन दिवसांत फॉर्म भरू नयेत, फोटो काढू नयेत. पाणी भरावे, लाकडे आणावीत, ऐकावे.

निघताना इनाने मला दोन किलो लाल तांदूळ बांधून दिला. मी तो घेतला. घरी आम्ही तो शेजाऱ्यांना बोलावून खाल्ला.

या डिसेंबरात पहिले चार कार्यकर्ते पाड्यांवर राहायला जावेत, अशी माझी समितीला विनंती आहे. त्यांच्यासाठी आणि त्यांना घरात घेणाऱ्या कुटुंबांसाठी आपण प्रार्थना करू या.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.