बापालाही दूध येतं
(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

मी कवितेचा माणूस. कबुतर म्हटलं की तुम्ही माझ्याकडून चिठ्ठी, प्रेयसी आणि गच्चीची अपेक्षा कराल. उर्दूत आणि मराठीतही कबुतराकडून ही हमाली पुष्कळ करून घेतली गेली आहे. आज मात्र मला त्या पाखराच्या पोटातलं बोलायचं आहे.

डोंगरकड्याला आमच्या जुन्या घराच्या माळवदावर ढाबळी होती. अब्बा ज्वारी टाकायचे आणि आम्ही पोरं अंडी मोजायचो. मोजायला फारसं काही नसायचंच. कबुतराची मादी एका वेळी दोन अंडी देते. पहिल्यानंतर दुसरं दीडेक दिवसानं येतं. सतरा-अठरा दिवस दोघं आळीपाळीनं उबवतात. सकाळी उशिरापासून दुपार कलेपर्यंत नर बसतो, बाकीचा वेळ आणि रात्र मादीची. शेतावरच्या पाळीसारखी ही पाळी ठरलेली असते.

अंडी दोनच का, याचं उत्तर पिल्लांच्या जेवणात आहे. चिमणी पिल्लांना किडे-अळ्या भरवते. कबुतर दाणे खाणारं. नुकतं जन्मलेलं, डोळे मिटलेलं पिल्लू ज्वारी काय पचवणार? म्हणून पिल्लं फुटण्याआधीच आई-बापांच्या गळ्याखालच्या थैलीचं अस्तर जाड होऊ लागतं. त्याच्या पेशी सुटून पनीरच्या चुऱ्यासारखा पदार्थ तयार होतो. प्रथिनं आणि स्निग्धांश यांनी तो भरलेला असतो. पिल्लू आपली चोच मोठ्याच्या चोचीत खुपसून तो घेतं. यालाच कबुतराचं दूध म्हणतात. पहिले काही दिवस फक्त दूध, मग त्यात भिजलेले दाणे मिसळत जातात. हे दूध मादीला येतं तसंच नरालाही येतं. हे ऐकल्यावर आमच्या पारावरची मंडळी आधी हसतात, मग गप्प होतात.

गंमत पुढेच आहे. 1933 साली ऑस्कर रिडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दुधामागच्या संप्रेरकाला ‘प्रोलॅक्टिन’ हे नाव दिलं. माणसाच्या आईला दूध येतं तेही याच संप्रेरकामुळे. हे संप्रेरक मोजायला पुढे कितीतरी वर्षं प्रयोगशाळांमध्ये कबुतराची ती थैलीच वापरली जात असे. आपल्या उजनीवर आणि ठाण्याच्या खाडीत येणारे रोहित पक्षीही, नर-मादी दोघं, पिल्लांना असंच दूध पाजतात.

कबुतराची दुसरी बाजूही सांगायला हवी. 2025च्या जुलैत मुंबईतले कबुतरखाने बंद करण्याचे आदेश निघाले, दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री टाकली गेली आणि प्रकरण उच्च न्यायालयात गाजलं. श्रद्धा एकीकडे, फुप्फुसं दुसरीकडे. विष्ठेची आणि पिसांची वाळलेली धूळ रोज श्वासात गेली तर काही माणसांच्या फुप्फुसांना कायमची सूज येते. तेव्हा डॉक्टर घाबरवतात असं समजू नका. माझं मत विचाराल तर चौकात पोतं ओतणं म्हणजे पाळणं नव्हे. पाळणारा ढाबळी झाडतो. झाडण्याआधी पाणी शिंपडतो, तोंडाला फडकं बांधतो. घरात दम्याचा माणूस असेल तर कबुतरं ठेवूच नयेत.

आता राघूकडे येतो. पोपट म्हटला की मिरची आलीच. पोपटाला मिरची झोंबत नाही, कारण तिखटाचा दाह जाणवून देणारी जी यंत्रणा आपल्याकडे आहे, ती पक्ष्यांमध्ये मिरचीला दादच देत नाही. पण राघू झाडाच्या ढोलीत वाढतो आणि पिंजऱ्यात येतो तो त्या ढोलीत हात घालूनच. उन्हाळ्याच्या तोंडाशी पिल्लं ओरबाडली जातात, पोत्यात भरली जातात आणि वाटेत बरीच मरतात. गळ्याचा कंठा नराला तिसऱ्या वर्षाच्या सुमारास फुटतो; तोवर घेणाऱ्याला राघू आहे की मैना हेही कळत नाही. 1972च्या वन्यजीव कायद्यानं आपला पोपट आणि मुनिया पकडणं, विकणं, पाळणं हा गुन्हा आहे. तरी गावोगावी ओसरीत ‘मिठू’ टांगलेला दिसतो आणि कुणालाच त्यात वावगं वाटत नाही.

पाळायचेच असतील तर बजरीगार पाळा. बाजारात त्यांना ‘लव्हबर्ड’ म्हणतात, ते नाव चूक आहे. हा मूळचा ऑस्ट्रेलियाचा, पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच वाढलेला. मोठ्या नराच्या चोचीवरची कातडी बहुधा निळी, मादीची तपकिरी. मादी दिवसाआड अंडं घालते आणि पहिल्यापासूनच बसते, त्यामुळे पिल्लंही एकामागून एक फुटतात. थोरलं आणि धाकटं यांत आठवड्याचं अंतर पडू शकतं. पिंजऱ्यात समुद्रफेनाचा तुकडा अडकवा. चुना कमी पडला तर अंडं आतच अडकतं आणि मादी जाते.

आणखी एक गोष्ट. पक्ष्याच्या फुप्फुसातून हवा एकाच दिशेनं वाहते, शरीरभर पसरलेल्या हवेच्या पिशव्या ती खेळवतात. उडायला लागणारा प्राणवायू त्यामुळेच पुरतो आणि विषही तितक्याच झपाट्यानं भिनतं. न चिकटणारा तवा रिकामा तापून धुरावला तर स्वयंपाकघरातला पक्षी काही मिनिटांत मरू शकतो. पिंजरा चुलीपासून आणि गॅसपासून लांब ठेवा. पक्ष्याला घाम येत नाही. आमच्या हिंगोलीच्या मे महिन्यात तो चोच उघडून धापतो. सावली द्या, पसरट मातीच्या भांड्यात पाणी द्या.

घरात आधीच राघू असेल तर पुण्याच्या आशेनं दार उघडून त्याला सोडू नका. लहानपणापासून हातावर वाढलेल्याला ना दाणा शोधता येतो ना शिकऱ्यापासून लपता येतं. वनविभागाच्या जवळच्या कार्यालयात न्या. आणि त्याची जागा भरायला यंदाच्या उन्हाळ्यात दुसरं पिल्लू आणू नका.