पटांगणावरील ग्रहमाला
(केडगाव येथील शिक्षकांसमोर झालेले भाषण)



विद्यार्थी ग्रहांची नावे क्रमाने घडाघडा म्हणतात. परंतु त्यांमधील अंतराची कल्पना त्यांना क्वचितच असते. चित्रात सारे ग्रह एकमेकांना खेटून असतात. हा गैरसमज केडगावच्या पटांगणावर एका तासात दूर करता येईल.

१ मीटर म्हणजे १ कोटी किलोमीटर असे प्रमाण धरावे. १४ सेंटिमीटर व्यासाचा चेंडू हा सूर्य. त्यापासून १५ मीटरांवर मोहरीचा दाणा ठेवावा, ती पृथ्वी. २३ मीटरांवर खसखशीचा कण, तो मंगळ; ७८ मीटरांवर लहानसे बोर, तो गुरू. नेपच्यूनसाठी मात्र पटांगण सोडून रस्त्याने ४५० मीटरांपर्यंत जावे लागेल. चंद्र पृथ्वीपासून अवघ्या ४ सेंटिमीटरांवर येतो. मानव स्वतः आजवर एवढाच दूर गेला आहे. पुढचा प्रवास यंत्रांनी केला.

त्या प्रवासाचा एक साक्षीदार शेजारच्या पुणे जिल्ह्यात, नारायणगावजवळ खोडद येथे आहे. तेथील रेडिओ दुर्बिणीने १९ ऑक्टोबर २०१६ रोजी मंगळावर उतरणाऱ्या युरोपच्या 'शियापारेली' यानाचे क्षीण संदेश टिपले. ते येण्यास सुमारे १० मिनिटे लागत. उतरण्यापूर्वीच संदेश थांबला. उंचीचा हिशेब चुकून यान आदळले होते.

हे अपयशही विद्यार्थ्यांना अवश्य सांगावे. खसखशीचा तो कण डोळ्यांसमोर असला, म्हणजे २४ सप्टेंबर २०१४ रोजी भारताचे मंगळयान पहिल्याच प्रयत्नात त्याभोवती फिरू लागले, याचे मोल त्यांना पाठांतरावाचून उमगेल.