चिलटाच्या मेंदूतला नकाशा

जूनच्या तोंडावर आमच्या डोळखांब गावातल्या घरात आढीतला एखादा आंबा उतरला, की चिलटं जमलीच! त्यांना वास कळतो कसा? 1970 च्या दशकात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकी आणि व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी वास-चव न ओळखणारी चिलटं निवडून याच प्रश्नाचा माग काढला. वेगवेगळे वास मेंदूतल्या घ्राणकेंद्राच्या वेगवेगळ्या जागी उमटतात, हे रॉड्रिग्ज यांनी 1988 मध्ये दाखवलं.

ऑक्टोबर 2024 मध्ये तर मादी चिलटाच्या अख्ख्या मेंदूचा नकाशाच प्रसिद्ध झाला. खसखशीच्या दाण्याएवढ्या मेंदूचे सात हजारांवर काप काढले, प्रत्येकाची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने छायाचित्रं घेतली. संगणकाने धागे जुळवले. त्याच्या चुका मात्र जगभरच्या माणसांनी डोळ्यांत तेल घालून दुरुस्त केल्या. मला हेच काम सर्वांत मोलाचं वाटतं. त्यातून 1,39,255 चेतापेशी आणि पाच कोटींहून अधिक जोडण्या नोंदल्या गेल्या.

विद्यार्थी मित्रांनो, या अभ्यासाची सुरुवात गावातही करता येते. बाटलीत पिकल्या केळ्याचा तुकडा ठेवा, चिलटं शिरली की तोंडाला फडकं बांधा. दहा-बारा दिवसांत अंडी, अळी, कोश असं करत पुढची पिढी उडू लागते.